स्फटिकांच्या अंतरंगात : डोरोथी हॉजकिन

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला किंवा अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांस लेण्यांच्या पायथ्याशी एक देखावा हटकून दिसतो. पांढरे, हिरवट, गुलाबी, पाण्यासारखे नितळ असे दगड मांडून विक्रेते बसलेले असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पूर्वी वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पाझरलेल्या पाण्यातून युगानुयुगे हे स्फटिक वाढत गेले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावताना ते बाहेर पडतात. सिन्नरला तर अशा स्फटिकांचे गारगोटी नावाचे एक संग्रहालयच आहे. यांतील काही स्फटिक नीट न्याहाळले, तर ते एकटे नसून दोन स्फटिक एकमेकांत घुसून फुलीसारखे उभे असलेले दिसतात. यांना जुळे स्फटिक म्हणतात. प्रवाशाला त्यांचे मोठे कौतुक वाटते. परंतु स्फटिकाच्या आत अणू कसे बसले आहेत हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र जुळा स्फटिक पाहून घाम फुटतो. असे का, ते पुढे येईलच. त्याआधी, जिने साऱ्या आयुष्यभर स्फटिकांच्या अंतरंगाचा शोध घेतला, त्या विदुषीची ओळख करून घेऊ.

डोरोथी क्रोफुट हिचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्तमधील कैरो शहरी झाला. वडील जॉन क्रोफुट हे इंग्रज असून तेथील शिक्षणखात्यात अधिकारी होते. पुढे ते सुदानमध्ये गेले आणि नंतर पुराणवस्तुसंशोधक म्हणून नावारूपास आले. आई मॉली यांना जुन्या वस्त्रांचा आणि विणकामाचा मोठा अभ्यास होता. चार बहिणींत डोरोथी थोरली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ही चार वर्षांची पोर इंग्लंडमध्ये आजीआजोबांजवळ राहिली आणि आईबाप दूर आफ्रिकेत. त्या युद्धात मॉलीबाईंचे भाऊ मारले गेले. युद्धाविषयीचा तिटकारा डोरोथीच्या मनात त्या घरातच रुजला.

दहा वर्षांची असताना तिला एका लहानशा शाळेत तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक करावयास शिकविले गेले. कृती साधी असते. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवावयाची, ते पाणी हलू न देता निवत ठेवावयाचे आणि वाट पाहावयाची. एकदोन दिवसांत तळाशी कोरीव पैलूंचे खडे दिसू लागतात. कोणीही त्यांना छिन्नी लावलेली नसते, तरी प्रत्येक खड्याचे कोन सारखेच! बरोबरीची मुले हे पाहून खेळावयास पळाली असतील. डोरोथीच्या मनात मात्र हे पैलू आपोआप कसे पडतात हा प्रश्न घर करून राहिला. घरी गेल्यावरही ती स्फटिक वाढवू लागली.

तेरा वर्षांची असताना ती आईवडिलांना भेटावयास सुदानमधील खार्टूमला गेली. तेथे जोसेफ नावाचे मृदाशास्त्रज्ञ वडिलांचे स्नेही होते. अंगणात सापडलेल्या एका काळ्या खनिजाविषयी ती त्यांना विचारू लागली. त्यांनी त्या खनिजाची परीक्षा कशी करावयाची ते तिला दाखविले. त्यात लोह आणि टायटॅनियम ही द्रव्ये निघाली. जोसेफसाहेबांनी नंतर तिला खनिजपरीक्षेची एक पेटीच भेट दिली. इंग्लंडला परतल्यावर घराच्या माळ्यावर तिची प्रयोगशाळा उभी राहिली.

बेकल्स या गावच्या शाळेत रसायनशास्त्र मुलग्यांना शिकविले जाई. मुलींसाठी गृहशास्त्र होते. डोरोथी आणि तिची एक मैत्रीण, अशा दोघींना मुलग्यांच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली. त्या परवानगीने पुढे जगाचा केवढा लाभ झाला, हे ती देणाऱ्यांना तेव्हा कळण्याचा संभव नव्हता. शाळेत असतानाच आईने तिला सर विल्यम ब्रॅग यांचे एक पुस्तक दिले. लहान मुलांपुढे दिलेली व्याख्याने त्यात होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी जणू डोळ्यांनी पाहता येते, असे त्यात तिने वाचले आणि तिचा मार्ग ठरला.

येथे थोडे थांबून हे क्ष-किरणांचे काम समजून घेतले पाहिजे. पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे.

स्फटिकात अणूंचे समूह पलटणीतील शिपायांप्रमाणे रांगा धरून उभे असतात. १९१२ साली जर्मनीत माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडून पाहण्यात आले. तेव्हा पलीकडच्या छायाचित्रपट्टीवर एकच डाग न पडता अनेक ठिपके उमटले. अणूंच्या रांगांवरून किरण ठराविक दिशांनीच परतत होते. पाठोपाठ विल्यम ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसविली. कोणता ठिपका किती ठळक आणि कोणता किती फिका, यावरून गणित करावयाचे. अडचण अशी की, ठिपक्यांच्या ठळकपणात आपल्याला हवी असलेली अर्धीच माहिती असते. उरलेली अर्धी पट्टीवर उमटतच नाही. ती युक्तीने मिळवावी लागते. मीठ किंवा हिरा यांसारख्या साध्या पदार्थांचे कोडे लवकर सुटले. पण ज्यांच्या एका रेणूत शेकडो अणू असतात, त्यांचे काय?

१९२८ साली डोरोथीने ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात प्रवेश घेतला. पहिल्या वर्गात पदवी मिळवून १९३२ साली ती केंब्रिजला जॉन बर्नाल यांच्या हाताखाली संशोधन करावयास गेली. बर्नाल हे मोठे कल्पक गृहस्थ होते. त्यांच्याकडे १९३४ साली पेप्सिनचे स्फटिक आले. पेप्सिन हे आपल्या जठरात अन्न पचविणारे प्रथिन होय. तोवर ज्यांनी ज्यांनी प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले, त्यांना नुसता धुरकट डाग दिसला होता. बर्नाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा ध्यानात आले की, द्रवातून बाहेर काढताच हे स्फटिक सुकून आतून मोडतात. कारण प्रथिनाच्या स्फटिकात जागोजागी पाणी भरलेले असते. मग त्यांनी स्फटिक द्रवासकट काचेच्या केसासारख्या बारीक नळीत बंद केला आणि काय आश्चर्य! पट्टीवर असंख्य ठिपके उमटले. प्रथिनांनाही ठराविक घडण असते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

त्या दिवशी डोरोथी मात्र प्रयोगशाळेत नव्हती. हातांची बोटे दुखू लागली होती, म्हणून तिला लंडनला वैद्यांकडे नेले होते. परत आल्यावर पुढील छायाचित्रे आणि मोजमापे तिने हाती घेतली आणि दोघांच्या नावे तो शोध प्रसिद्ध झाला. ते बोटांचे दुखणे साधे नव्हते. तो संधिवात होता आणि तो जन्मभर तिच्या सोबतीला राहणार होता.

त्याच वर्षी ती ऑक्सफर्डला परतली. तिला मिळालेली जागा विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाच्या तळघरवजा खोलीत होती. एकच उंच खिडकी. तिच्याजवळच्या माळ्यावर सूक्ष्मदर्शक. स्फटिक निवडावयाचा तर शिडीने वर चढावयाचे आणि मोहरीहून लहान असा तो स्फटिक हातात जपत त्याच शिडीने खाली उतरावयाचे. अशा खोलीत तिच्या हाती सर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी थोडेसे इन्शुलिन ठेवले. त्याचे वजन अवघे दहा मिलिग्रॅम होते.

इन्शुलिनचे महत्त्व आज बहुतेक घरांत ठाऊक आहे. आपल्या स्वादुपिंडात ते तयार होते आणि रक्तातील साखर आवाक्यात ठेवते. ते कमी पडले की मधुमेह जडतो. १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे काढले. तोपर्यंत ज्या मुलांना हा रोग होई, ती फार दिवस जगत नसत.

डोरोथीने ते इन्शुलिन विरघळवून, त्यात जस्ताचा अंश घालून, हळूहळू निववीत पुनः स्फटिक वाढविले. १९३५ साली एके रात्री दहाच्या सुमारास तिने छायाचित्रपट्टी धुतली, तो तिच्यावर बारीक ठिपक्यांची रांगोळी उमटलेली! इतक्या आनंदाने तिला घरी जाववेना. ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर ती एकटीच भटकत राहिली. मध्यरात्री एका पोलिसाने हटकले तेव्हा कोठे ती भानावर आली.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती एका शंकेने. आपण ज्याचे छायाचित्र घेतले तो स्फटिक इन्शुलिनचाच होता कशावरून? द्रवातल्या एखाद्या क्षाराचा असला तर? न्याहारीही न करता ती प्रयोगशाळेकडे धावली. उरलेल्या स्फटिकांची तिने रासायनिक परीक्षा केली. प्रथिनावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला तर ते पिवळे पडते. तसे ते पडले. तेव्हा कोठे तिचा जीव भांड्यात पडला. आदल्या रात्रीच्या आनंदावर दुसऱ्या दिवशी शंका घेणे, हे सर्वांना साधत नाही.

इन्शुलिनचा रेणू मात्र लवकर वश होणारा नव्हता. त्यात आठशेच्या आसपास अणू असतात आणि त्या काळी दहावीस अणूंचे कोडे सोडविणे हीच मोठी मजल समजत. तेव्हा डोरोथीने इन्शुलिन बाजूला ठेवले. टाकून मात्र दिले नाही.

१९३७ साली तिचा विवाह थॉमस हॉजकिन यांच्याशी झाला. ते इतिहासाचे अभ्यासक होते. कामगारांना शिकविण्याच्या कामासाठी ते दूर उत्तरेकडे राहत आणि शनिवार-रविवारी घरी येत. डोरोथीबाईंना तीन मुले झाली. पहिल्या बाळंतपणानंतर संधिवाताने उग्र रूप धारण केले. हातांची बोटे वाकडी झाली. क्ष-किरणयंत्राची मुख्य कळ दाबण्याचे बळ बोटांत उरले नाही, तेव्हा त्यांनी त्या कळीला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम पुढे चालू केले. वाकड्या बोटांनीही त्या स्फटिक इतक्या हळुवारपणे उचलीत की, पाहणारे चकित होत.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे पेनिसिलिनचे काम आले. ऑक्सफर्डमध्येच फ्लोरी आणि चेन यांनी त्या औषधाचा गुण सिद्ध केला होता. जखमी सैनिकांसाठी त्याची निकड होती. पण त्याच्या रेणूची घडण कोणालाच ठाऊक नव्हती. डोरोथीबाई आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनी पेनिसिलिनच्या सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम क्षारांचे स्फटिक तपासले. १९४५ साली कोडे सुटले. रेणूच्या गाभ्यात तीन कार्बन आणि एक नायट्रोजन असे चारच अणूंचे चिमुकले कडे निघाले. इतके ताणलेले कडे टिकेलच कसे, असे अनेक रसायनशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. जॉन कॉर्नफर्थ यांनी तर, असे कडे निघाले तर आपण रसायनशास्त्र सोडून अळिंबीची शेती करू, असे सांगून टाकले होते म्हणतात. कडे तर निघाले. पण कॉर्नफर्थ यांनी शेती केली नाही आणि पुढे १९७५ साली त्यांनाही रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात हे औषध तयार करण्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन केली, हेही येथे सांगून ठेवावेसे वाटते.

पेनिसिलिननंतर ब-१२ जीवनसत्त्वाची पाळी आली. ते न मिळाल्यास एक घातक प्रकारचा पंडुरोग होतो. १९४८ साली त्याचे तांबडे स्फटिक डोरोथीबाईंच्या हाती आले आणि पुढची आठेक वर्षे त्यातच गेली. अमेरिकेतील केनेथ ट्रूब्लड यांनी त्यांना संगणकयंत्राचे साहाय्य देऊ केले. इकडून मोजमापे टपालाने जात, तिकडून आकडे येत. १९५६ च्या सुमारास त्या रेणूची संपूर्ण घडण जगापुढे आली. या कामांसाठी १९६४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यांना मिळाले. मारी क्यूरी आणि त्यांची कन्या इरेन यांच्यानंतर रसायनशास्त्रात हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. वार्ता आली तेव्हा त्या आफ्रिकेतील घाना देशात पतीकडे गेलेल्या होत्या.

आता पुनः इन्शुलिनकडे वळू आणि त्याबरोबर जुळ्या स्फटिकांकडेही.

वेरूळच्या पायथ्याशी मिळणारा जुळा स्फटिक निदान डोळ्यांना दिसतो. खरी पंचाईत होते ती लपलेल्या जुळ्यांची. अशी कल्पना करा की, एका गवंड्याला चौकोनी फरश्या बसवावयाच्या आहेत. प्रत्येक फरशीवर एक नक्षी आहे. फरशीच्या चारही बाजू सारख्या असल्यामुळे ती कशीही फिरवून बसविली तरी जागेत चपखल बसते. अर्ध्या दालनात गवंड्याने नक्षी एका दिशेने ठेवली आणि उरलेल्या अर्ध्यात वळवून ठेवली, तर सांध्यात कोठे फट पडणार नाही. लांबून पाहणाऱ्याला जमीन अखंड दिसेल. नक्षी मात्र दोन तऱ्हांची झाली! काही प्रथिनांचे स्फटिक वाढताना नेमके असेच घडते. चौकटीचा आकार एकच, आतला रेणू मात्र स्फटिकाच्या एका भागात एका दिशेने आणि दुसऱ्या भागात वळून बसलेला. इन्शुलिनच्या स्फटिकाची चौकट याच प्रकारची आहे. तिच्यात असे जुळेपण लपून राहू शकते.

अशा स्फटिकावर क्ष-किरण सोडले म्हणजे दोन्ही भागांचे ठिपके नेमके एकमेकांवर पडतात. पट्टीवर दिसतो तो दोघांच्या ठळकपणाचा बेरीजवजा गोळा. संशोधक बिचारा तो एकाच स्फटिकाचा समजून गणित करू लागला, की वर्षभराच्या श्रमानंतर हाती येते ते कोणत्याच रेणूचे खरे चित्र नसते.

मग हे ओळखावयाचे कसे? एक खूण मोठी गमतीची आहे. शुद्ध स्फटिकाच्या ठिपक्यांत काही अगदी फिके आणि काही फार ठळक असतात. जुळ्यात मात्र एकाच्या फिक्या ठिपक्यावर दुसऱ्याचा ठळक ठिपका पडून दोन्ही मध्यम होतात. तेव्हा अतिफिके आणि अतिठळक ठिपके प्रमाणाबाहेर कमी आढळले, की शंका घ्यावी.

गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी आता इकडे लक्ष द्यावे. समजा, एका ठिपक्याचा खरा ठळकपणा ९० आणि त्याच्या जोडीच्या ठिपक्याचा १० आहे. स्फटिकाचा ७० टक्के भाग सरळ आणि ३० टक्के भाग वळलेला आहे. मग पहिल्या जागी ९० चे ७० टक्के म्हणजे ६३ आणि १० चे ३० टक्के म्हणजे ३, मिळून ६६ दिसतील. दुसऱ्या जागी ७ आणि २७ मिळून ३४ दिसतील. ६६ आणि ३४ हे आकडे व मिश्रणाचे प्रमाण हाती असेल, तर उलट गणित करून ९० आणि १० पुनः काढता येतात. परंतु दोन्ही भाग निम्मेनिम्मे असतील तर? दोन्ही जागी ५० च दिसतील आणि मूळचे आकडे काय होते ते या वजाबाकीने जगातील कोणत्याही गणितज्ञाला सांगता येणार नाही.

डोरोथीबाईंच्या काळी बहुधा एकच इलाज असे. असा स्फटिक टाकून द्यावयाचा आणि चांगला शोधावयाचा. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक बलवान झाले आणि दुसरी वाट निघाली. कोणत्याही रेणूचे चित्र एकदम अचूक होत नाही. आधी कच्चे चित्र काढतात. ते खरे असते तर ठिपके कसे पडले असते याचे गणित करतात. प्रत्यक्ष ठिपक्यांशी ताडून पाहतात. अणू किंचित सरकवितात आणि पुनः ताडतात. याला परिष्करण म्हणतात. जुळ्या स्फटिकाच्या परिष्करणात ठिपके वेगळे करण्याचा हट्ट सोडून देतात. उलट चित्रावरूनच दोन्ही भागांचे ठिपके काढून, त्यांची योग्य प्रमाणात बेरीज करून, ती पट्टीवरील ठिपक्यांशी ताडतात. प्रमाण किती घ्यावयाचे तेही त्याच ओघात सुधारत नेतात. निम्मेनिम्मे जुळेही या रीतीने पुष्कळदा हाताळता येतात. मात्र सावधपणा लागतो. जुळेपण नसताना ते आहे असे धरले, तर आकडे उगाचच चांगले दिसू लागतात आणि संशोधक फसतो.

इन्शुलिनच्या मार्गात दुसऱ्याही अडचणी होत्याच. हरवलेली अर्धी माहिती मिळविण्यासाठी स्फटिकाची चौकट न मोडता त्यात शिशासारखे जड अणू शिरवावे लागतात आणि इन्शुलिन ते सहजी शिरू देत नसे. या कामात डोरोथीबाईंभोवती देशोदेशींचे तरुण जमले होते. न्यूझीलंडचे गाय डॉडसन, त्यांच्या पत्नी एलिनॉर, टॉम ब्लंडेल, मार्गारेट ॲडम्स आणि आपल्या केरळातून आलेले एम. विजयन हे त्यांपैकी होत. १९६९ साली, पहिल्या छायाचित्रानंतर चौतीस वर्षांनी, इन्शुलिनच्या रेणूचे चित्र उभे राहिले. पहिले छायाचित्र घेणारी पंचवीस वर्षांची तरुणी आता एकोणसाठ वर्षांची झाली होती. शोध प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांची अनेक नावे छापली गेली. ज्यांनी काम आरंभिले त्या डोरोथीबाईंचे नाव यादीत बरेच खाली होते. त्यांना त्याचे काही वाटले नाही.

पहिले चित्र जरासे अंधूक होते. मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. त्या चित्रात २.८ अँगस्ट्रॉमहून बारीक तपशील दिसत नव्हता. १९७१ साली तो १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत दिसू लागला. त्याच सुमारास चीनमधील शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे इन्शुलिनचे कोडे सोडविले होते. त्या काळी चीनशी पाश्चात्त्यांचे दळणवळण नसल्यासारखेच होते. डोरोथीबाई १९७२ साली स्वतः पेकिंगला गेल्या आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ताडून पाहिली. मग चिनी शास्त्रज्ञांचे काम किती उत्तम आहे हे त्यांनीच जगाला सांगितले. दुसरा एखादा असता तर प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करण्यासाठी इतका प्रवास करता ना!

विजयन १९७१ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास त्यांनी आपल्या देशात रुजविला. भुईमुगाच्या शेंगदाण्यातील एका प्रथिनाची घडण त्यांच्या गटाने १९९४ साली आणि फणसातील एका प्रथिनाची १९९६ साली प्रसिद्ध केली. २०२२ साली ते निवर्तले. त्यांनी शिकविलेले विद्यार्थी आज देशभर हेच काम करीत आहेत.

युद्धाविषयीचा तिटकारा डोरोथीबाईंनी कधी लपविला नाही. त्यापायी १९५३ साली अमेरिकेने त्यांना प्रवेशाचा परवाना नाकारला होता. अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदेच्या त्या १९७६ पासून १९८८ पर्यंत अध्यक्षा होत्या. मार्गारेट थॅचर या पुढे इंग्लंडच्या पंतप्रधान झाल्या. त्या ऑक्सफर्डमध्ये डोरोथीबाईंच्या विद्यार्थिनी होत्या. राजकारणात दोघींची मते उत्तर-दक्षिण असूनही गुरु-शिष्येचा स्नेह तुटला नाही.

इन्शुलिनचे परिष्करण मात्र थांबले नव्हते. १९८८ साली डोरोथीबाई आणि त्यांचे सहकारी यांनी १.५ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील असलेले चित्र प्रसिद्ध केले. त्यात प्रथिनाभोवतीच्या पाण्याचे रेणूदेखील आपापल्या जागी दाखविले होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

१९९३ साली स्फटिकशास्त्रज्ञांची जागतिक परिषद बीजिंगला भरली. डोरोथीबाईंना तोवर चालता येत नव्हते आणि इतका प्रवास झेपणार नाही असे सर्वांचे मत पडले. त्या चाकांच्या खुर्चीत बसून गेल्या. जुने चिनी सहकारी आणि जगभरचे विद्यार्थी त्यांना तेथे भेटले. त्यानंतर वर्षभरातच, २९ जुलै १९९४ रोजी, इंग्लंडमधील आपल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले.